वेळ उरला तर

“चला, बघून झालं!”

एवढं म्हणताना ते डावा हात झटक्यात वर घ्यायचे आणि मनगट उलटं करायचे, कारण घड्याळाची तबकडी त्यांनी आतल्या बाजूला, नाडीवर बांधलेली असायची. घड्याळ बघायचे, मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्यात आम्ही सगळे, बस, ड्रायव्हर, समोरचं तळं किंवा किल्ला, जे असेल ते दोषी ठरायचं. असा माणूस तुम्हीही पाहिलेला असेल. पहिल्या पंगतीचा ताकभात चालू असतानाच दुसऱ्या पंगतीची पानं घेऊन मागं उभा राहणारा. आमच्याकडची गंमत अशी, की परदेशी विद्यार्थ्यांना आपली संस्कृती निवांतपणे दाखवायचं काम नेमकं याच माणसाकडं होतं.

नाव सांगत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना चाललं नसतं. ऑफिसात सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही इथं दादाच म्हणते.

ठाण्याला वर्तकनगरच्या पुढं आमची छोटी प्रशिक्षण संस्था होती. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. घोडबंदर रोडला तेव्हा संध्याकाळनंतर रिक्षावाले यायला तयार नसत, परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून. दर सहा महिन्यांनी श्रीलंका, केनिया, सुदान, मॉरिशस, नेपाळ अशा देशांतून चौदा जणांची तुकडी यायची, लहान कारखाने कसे चालवायचे ते शिकायला. मी डोंबिवलीहून यायचे आणि त्यांचं इंग्रजी सुधारायचे. दादा रेकॉर्ड सेक्शनला होते. फायली लावायच्या, नंबर घालायचे, आणि प्रत्येक तुकडीला एका शनिवार-रविवारी ‘सांस्कृतिक सहल’ घडवायची. सुट्टीचे दोन दिवस घालवायला दुसरं कुणी तयार नसणार, म्हणून हे काम दादांच्या गळ्यात पडलं असणार, असं सगळे धरून चालायचे. तुकडीत बायका असल्या की सोबत बाईमाणूस लागायचं. हिचं लग्न झालेलं नाही, म्हणजे हिला रविवारी काय काम, असा विचार करून संचालकांनी मला दादांच्या जोडीला दिलं.

संचालकांनी सहलीचा कार्यक्रम एकदाच टाइप करून ठेवला होता. दर तुकडीला फक्त तारीख बदलायची. शनिवारी ठाण्याचं तळं, जुनं चर्च, कोळीवाड्यात नाच. रविवारी कल्याणचा बाजार, खाडीकाठचा किल्ला, अंबरनाथचं शिवमंदिर आणि परत. प्रत्येक ठिकाणापुढं वेळ घातलेली. आणि दादा प्रत्येक ठिकाणच्या वेळेतली दहा-पंधरा मिनिटं खायचे.

पहिल्याच सहलीत मला त्यांचा भयंकर राग आला. तळ्याकाठी एक नेपाळी मुलगी जेमतेम कणीस सोलून बसली होती, तर हे तिच्या डोक्याशी उभे. “ते बसमध्ये खा. चला, बघून झालं.” चर्चमध्ये एकजण गुडघे टेकून प्रार्थना करत होता, त्याच्या मागं हे मनगट उलटं करून उभे. बोलले नाहीत एवढंच. विद्यार्थ्यांनी दुपारपर्यंत त्यांचं ‘मिस्टर चला’ असं नाव ठेवूनही टाकलं. पुढच्या तुकड्यांनीही ते चालवलं. ते त्यांच्या तोंडावर म्हणत, आणि दादा त्याला ‘यस’ म्हणून ओ देत.

फक्त कोळीवाड्यात त्यांचं काही चालत नसे. तिथल्या मावशी दादांना पुरून उरायच्या. दादा म्हणाले, “मावशी, यंदा दोनच गाणी. आम्हाला पुढं जायचंय.”

मावशींनी कमरेवर हात ठेवला. “दोन? अरं, लुगरं नेसाला आमाला तास लागला. दर सा म्हैन्यांनी तुमी येताव नि आमी नाचाचं, नि वर तुजी घाई? बस खाली!”

दादा बसले. जाळी सुकत घातली होती तिथं एका उलट्या टोपलीवर, परीक्षेला बसल्यासारखे. त्यांना बसवणारी मी पाहिलेली ती एकमेव व्यक्ती.

पण ते नुसते घाई करणारे असते तर मी त्यांना केव्हाच विसरले असते. त्यांना माहिती अफाट होती, आणि तीही ते घाईघाईनंच सांगायचे. अंबरनाथच्या देवळाच्या बाहेरच्या भिंती म्हणजे कोरीव कामाचा नुसता खच आहे. दादा त्या भिंतींना उजवीकडून फेरी घालायचे आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकेका मूर्तीची ओळख करून द्यायचे. ही बाई आरशात बघतेय. ही केस पिळतेय. हा दाढीवाला उपाशी आहे, बरगड्या मोजा. “हात लावायचा नाही, डोळे लावायचे,” हे वाक्य दर भिंतीला. मग फेरी दरवाजाशी संपली की म्हणायचे, “आता तुम्ही आत जाऊन या. मी चपला बघतो.”

हे चपला बघणं हीसुद्धा त्यांची एक पद्धत होती. दादा माणसं मोजायचे नाहीत. “माणसं हलतात बाई, चपला हलत नाहीत,” असं त्यांचं म्हणणं. सगळे आत गेले की ते बुटाचपलांच्या जोड्या सरळ लावायचे आणि मोजायचे. माझी सोडून चौदा भरल्या की सगळे आत. मग माणसं बाहेर येऊन पायात घालून जातील तसतशा जोड्या कमी व्हायच्या. दारात एकही राहिली नाही की सगळे बाहेर. बसला सोडायची खूण करायची. गर्दीत माना मोजत बसायची भानगड नाही. मला ही युक्ती इतकी आवडली की शाळेत शिक्षिका असलेल्या माझ्या बहिणीलाही मी ती तिच्या वर्गाच्या सहलीसाठी शिकवली.

ते आत कधीच येत नाहीत, हे मात्र मला दुसऱ्या सहलीत लक्षात आलं. मला आधी वाटलं, विडी ओढायला मागं राहत असतील. पण ते विडी ओढत नव्हते.

दुसऱ्या सहलीत आमचं वाजलंच. कल्याणच्या किल्ल्यावर वारा छान होता, खालून खाडी दिसत होती, दोन-तीनजण नुसते बसून होते आणि दादांनी पाचव्यांदा मनगट उलटं केलं. मी म्हटलं, “अहो दादा, ही माणसं हजारो मैलांवरून आलीत. श्वास तरी घेऊ द्या. तुमच्या घरी काय गॅसवर दूध ठेवलंय?”

दादा रागावले नाहीत. त्यांनी खिशातून कार्यक्रमाचा तो टाइप केलेला कागद काढला, घडी उलगडली आणि माझ्यापुढं धरला. रविवारच्या शेवटी, ‘परत’ या शब्दाच्या वर, संचालकांच्या अक्षरात पेन्सिलीनं एक ओळ होती. ‘लेणी – वेळ उरला तर.’

“तीन वर्षं अर्ज करतोय,” दादा म्हणाले. “कल्याण-भिवंडी रस्त्याला आत एक टेकडी आहे. वर बौद्ध लेणं आहे. लहानच आहे, पण आहे. साहेब म्हणतात, तिथं पाटी नाही, पायऱ्या नाहीत, साप निघतील, बघण्यासारखं काय आहे? तिसऱ्या वर्षी एवढं लिहून दिलं त्यांनी. अजून एकदाही वेळ उरला नाही.”

“म्हणून ही घाई?”

“मग काय मला हौस आहे लोकांना उठवायची?”

उगाच काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, गावात त्या लेण्याला काय म्हणतात?

“पांडवांचं घर. जिथं दगडात भोक दिसेल तिथं पांडवच राहिलेले. बिचाऱ्यांनी कुठं कुठं राहायचं?” असं म्हणून ते हसले, आणि मग त्याच दमात, घड्याळाकडं बघत, मला न विचारता सांगून मोकळे झाले. “मी चौथीत होतो, वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा. इथं जवळच, मोहन्याला राहायचो आम्ही, वडील तिथल्या कारखान्यात. घरातले देव नदीत सोडायला वडिलांनी मला पाठवलेलं. एका फडक्यात बांधून मीच नेलेले. तेव्हापासून देवळात जात नाही. राग नाही हां बाई. त्या भिंती मला पाठ आहेत, कुणी कोरल्या असतील त्यांना सलाम आहे. पण उंबरठ्याच्या आत नाही. सगळ्यांना सगळं दाखवतो, मग मला वाटतं, एक जागा आपलीपण दाखवावी. बाकी काय.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूनं घाई करायला लागले. आम्ही दोघं मिळून लोकांना उठवायचो. तरी त्या खेपेला कल्याणच्या पुलावर ट्रक बंद पडला आणि वेळ उरला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला व्हिएतनामच्या बाईंना बाजारात पितळेचा बंब आवडला, तो विमानातून नेता येईल का याची चर्चा तासभर चालली. दादा बंबाकडं असे बघत होते की तो वितळला असता.

मग ती फेब्रुवारीतली सहल आली. त्या तुकडीत श्रीलंकेची कुसुमा होती. तिशीची, शांत, काथ्याच्या दोरांचा कारखाना चालवणारी. ती बौद्ध आहे हे दादांना फॉर्मवरून आधीच कळलेलं. आठवडाभर ते रेकॉर्ड सेक्शनमध्ये काहीतरी रेखाटत बसलेले दिसायचे. लेण्याचा नकाशा. मधलं दालन, चार खांब, दोन्हीकडच्या खोल्या, पाण्याचं टाकं. कार्बन घालून त्यांनी त्याच्या चौदा प्रती काढल्या आणि आपल्या खाकी पिशवीत ठेवल्या.

त्या रविवारी सगळं मनासारखं होत गेलं. बाजार वेळेआधी उरकला. केनियाच्या जोसेफनं कोल्हापुरी चपला घेतल्या आणि लगेच पायात घातल्या, एवढीच काय ती खरेदी. किल्ला झाला. दोनच्या सुमाराला आम्ही अंबरनाथला. दादांनी भिंती दाखवल्या, नेहमीपेक्षा भराभर, आणि दारात आल्यावर आम्हाला आत पाठवलं. आम्ही आत गेलो, थंड अंधारात जरा उभे राहिलो, बाहेर आलो. दादांनी शेवटची जोडी उचलली गेलेली बघितली, हात वर केला, बस सुटली. पावणेतीन. दादांनी घड्याळ बघितलं आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही.

पावणेचारला आम्ही टेकडीच्या पायथ्याशी होतो. उन्हाला अजून तेज होतं. दादा खाली उतरले ते वेगळेच दिसत होते. खांदे खाली आलेले, बोलण्यात घाई नाही. पिशवीतून नकाशे काढत होते. “हळूहळू चढायचं. कुणाला घाई नाही आता,” असं त्यांनी चक्क म्हटलं, आणि मागून टाळ्या पडल्या.

तेवढ्यात कुसुमानं विचारलं, “इद्रिस कुठं आहे?”

इद्रिस सुदानचा. चाळिशीचा, पाच वेळा नमाज पढणारा, कमी बोलणारा. तो बसमध्ये नव्हता. तो अंबरनाथहून निघालाच नव्हता.

कसं झालं ते दोन मिनिटांत उघड झालं. इद्रिस देवळात गेलाच नव्हता, तर त्यानं बूट कशाला काढावेत? तो बूट घालून बाहेरच राहिला होता. त्याची जोडी मोजणीत नव्हती. आणि जोसेफला नव्या चपला चावत होत्या, म्हणून त्यानं पिशवीतले जुने बूटही बाहेर काढून दारात ठेवले होते, देवळातून आल्यावर बदलायला. तेरा माणसं, चौदा जोड्या. दादांचं गणित बरोब्बर भरलं होतं.

मी म्हटलं, “दादा, तुम्ही यांना वर न्या. मी जाते बस घेऊन.”

“नाही.” त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. “तुम्हाला तो कुठं बसलाय माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“मी बघितलेलं ना त्याला! तो कडेच्या पिंपळाच्या पाराशी, मी दारात. आम्ही दोघंच बाहेर होतो. त्यानं माझ्याकडं बघून हातपण वर केलेला, मीपण केला. आणि तरी मी चपला मोजत बसलो.” त्यांनी नकाशे परत पिशवीत कोंबले. “आत न जाणारा माणूस मोजायचा राहतो, बाई. हे मला कळू नये? मला?”

“पण कुसुमा आहे आज. नकाशे काढलेत तुम्ही.”

“तुम्ही वर न्या सगळ्यांना. वाट सरळ आहे, आंब्यापासून डावीकडं. ऊन आहे तोवर जा.” एवढं बोलून ते बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. बस धूळ उडवत गेली, आणि नकाशांची पिशवी त्यांच्या खांद्यालाच राहिली.

मी तेरा जणांना घेऊन वर गेले. बकऱ्यांच्या लेंड्या तुडवत पंधरा मिनिटांची चढण. लेणं खरंच लहान होतं. चार खांब, त्यातला एक अर्धा तुटलेला. बाजूच्या खोल्यांत दगडाचेच ओटे, झोपण्यापुरते. मागच्या भिंतीत बसलेली एक मूर्ती, झिजून झिजून चेहरा गेलेला. मी तिथं उभी राहिले आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हे कुणी कोरलं? इथं कोण राहायचं? हा खांब कशानं तुटला? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. तीन सहली मी या माणसाबरोबर केल्या, लोकांना उठवलं, घाई केली, पण वर आहे तरी काय हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

कुसुमा पुढं झाली. तिनं चपला बाहेर काढल्या, गुडघ्यांवर बसली आणि वंदना म्हटली. हळू आवाजातच म्हटली, पण दगडानं तो आवाज उचलला आणि चारी बाजूंनी परत दिला. तिचं म्हणून झाल्यावरही तो काही क्षण आतच फिरत होता. मला सारखं वाटत होतं, हे ऐकायचं ज्याचं होतं तो माणूस आत्ता कल्याणच्या पुलावर ट्रकांच्या मागं हॉर्न वाजवत बसला असेल.

पाचपर्यंत आम्ही खाली उतरलो आणि आंब्याखाली बसलो. सहा वाजता बस आली. आधी इद्रिस उतरला, मागून दादा. इद्रिसला काहीच झालं नव्हतं. तो तिथंच बसून राहिला होता. हारवाल्या बाईनं त्याला चहा आणून दिला होता. “मला माहीत होतं, ते येतील,” तो मला म्हणाला. “ते धावत आले. माझा हात धरला आणि बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही.”

आता सगळ्यांना घराची ओढ लागली होती. भूक लागली होती, ड्रायव्हर वैतागला होता. मी दादांना म्हटलं, “चला दादा, निघू या.”

दादा टेकडीकडं बघत होते. सूर्य टेकडीच्या पाठीशी गेला होता, पण उजेड होता. “याचं बघायचं राहिलंय,” ते म्हणाले.

“अहो, अंधार पडेल.”

“याचं बघायचं राहिलंय, बाई,” तेच त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि पिशवीतून एक नकाशा काढून इद्रिसच्या हातात दिला. दोघं चढायला लागले. दादा पुढं, तो उंच माणूस मागं.

पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मंडळी बसमध्ये चुळबुळ करायला लागली. मीही येरझाऱ्या घालत होते, सारखी घड्याळ बघत होते. मला काळजी वाटत होती, रागही येत होता, आणि त्याहून जास्त, आत कुठंतरी वाटत होतं की बसू देत त्यांना वर, हवं तेवढं बसू देत. जोसेफनं खिडकीतून डोकं काढून टेकडीकडं बघत मोठ्यानं हाक मारली, “मिस्टर चला!” कुणी हसलं नाही.

सातला ते उतरले. दादा थेट आपल्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटले. इद्रिस माझ्या शेजारी बसला. वर काय झालं ते त्यानंच सांगितलं.

“त्यांनी मला सगळं दाखवलं. भिक्षू कुठं झोपायचे, पाणी कुठून यायचं. मग म्हणाले, मी जरा आत जाऊन येऊ? मी म्हटलं, जा, मी बाहेर बसतो. ते आत गेले. काहीतरी मोठ्यानं म्हणत होते. खूप मोठ्यानं. मग बाहेर आले आणि मला म्हणाले, अजून दोन मिनिटं चालतील का? मी म्हटलं, मला घाई नाही. मग परत आत गेले.” त्यानं दादांच्या जागेकडं बघितलं. “ते आपल्या ऑफिसात इतक्या मोठ्यानं कधी बोलत नाहीत, नाही?”

सोमवारी जोसेफनं ही सगळी हकिकत वर्गात रंगवून सांगितली, त्याच्या मते विनोद म्हणून, आणि ती संचालकांच्या कानांवर गेली. परदेशी पाहुणा मागं राहिला म्हणजे केवढी मोठी गोष्ट! इद्रिस स्वतः त्यांच्या केबिनमध्ये गेला, चूक माझीच होती म्हणाला. उपयोग झाला नाही. दुपारी मेमो निघाला, की यापुढे सहलीचं काम दादांकडं राहणार नाही. मेमो रेकॉर्ड सेक्शनलाच जायचा असतो. दादांनी तो वाचला, नंबर घातला, भोकं पाडली आणि स्वतःच आपल्या फायलीला लावला.

मग ते माझ्या टेबलाशी आले. “बाई, काल वर कुणी काही म्हटलं का?”

मी कुसुमाचं सांगितलं.

“घुमलं?”

“खूप वेळ घुमलं.”

“घुमतं,” ते म्हणाले. “मी लहानपणापासून जातोय तिथं. एकट्यानं मोठ्यानं म्हणायला लाज वाटायची. कुणी गुराखी ऐकेल म्हणून मनातच म्हणायचो. काल बाहेर माणूस होता आपला, मग म्हटलं.” एवढं सांगून ते आपल्या फायलींकडं गेले. मला म्हणायचं होतं की दादा, पुढच्या खेपेला आपण दोघं जाऊ, सुट्टीच्या दिवशी, बिगरसंस्थेचे. ते मी म्हटलं नाही. मला वाटलं, अजून पुष्कळ रविवार आहेत. पुढच्या वर्षी संस्थेनं विदर्भात दुसरी शाखा काढली आणि तिथलं रेकॉर्ड लावायला दादांना पाठवलं. ते गेले ते तिकडचेच झाले. पत्र लिहिणाऱ्यांतले ते नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हते.

सहल माझ्याकडं आली. संचालकांनी कार्यक्रम नव्यानं टाइप करून घेतला, त्यात पेन्सिलीच्या ओळीचा प्रश्नच नव्हता. माझ्या प्रतीवर ती मी माझ्या हातानं लिहिली. पुढं संस्था बंद होईपर्यंत पाच तुकड्यांना मी घेऊन गेले. पाचही वेळा ठरवलं होतं, यंदा वर जायचंच. दादांसारखं मनगटही उलटं करून पाहिलं. पण कुणी खाडीकडं बघत बसलं की त्याला उठवायला माझं मन धजायचं नाही. कुणी मूर्तीसमोर रेंगाळलं की मीही रेंगाळायचे. लोकांना नावडतं होऊन एखादी जागा दाखवायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. विद्यार्थी जाताना मला लिहून द्यायचे, तुमच्याबरोबरची सहल फार निवांत झाली. आणि कल्याणहून परतताना त्या फाट्याशी बस यायची तेव्हा मागं कुणीतरी गाणं धरलेलं असायचं, ड्रायव्हरनं दिवे लावलेले असायचे, आणि मी काचेला कपाळ लावून कितीही बघितलं तरी टेकडी दिसायची नाही.